सांधलेल्या कढईतला पहिला प्लोव

टणकाकांना टणकाका का म्हणतात, हे कळायला त्यांच्याबरोबर पाच मिनिटं काढली तरी पुरे. हा माणूस कुठलीही वस्तू आधी वाजवून बघतो आणि मगच तिच्याबद्दल मत देतो. दुकानात आलेली मोडकी खुर्ची, बाजारातलं कलिंगड, शेजाऱ्यांचा नवा फ्रिज, काही म्हणजे काही सुटत नाही. बोटाच्या पेराने एक टिचकी, मान जराशी तिरकी, डोळे मिटलेले. 'टण' वाजलं तर वस्तू धड. 'थद्द' वाजलं तर आत कुठेतरी भेग आहे, मग वरून ती कितीही चकाचक असो. एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीला टिचकी मारून त्यांनी 'वेल्डिंग कच्चं आहे' असं सांगितलं होतं, तेही तोंडात कापसाचा बोळा असताना. पुढच्या महिन्यात खुर्चीची पाठ खरंच निसटली. तेव्हापासून काकांचा भाव वधारला तो वधारलाच.

बस डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान. पत्र्याचं छप्पर, लांबोडकी खोली, एका कोपऱ्यात भट्टी, भिंतीवर चिमटे आणि हातोड्या वयाप्रमाणे टांगलेल्या. एक्केचाळीस वर्षं या खोलीत त्यांनी फाटकं, जिने, सायकली, दवाखान्यातल्या खाटा आणि एक बँडवाल्याचं तुतारीसारखं वाद्यसुद्धा जोडलं होतं.

जेवणाच्या बाबतीत मात्र हा माणूस म्हणजे अगदी लोखंडाचा ठोकळा. दुपारी दोन उकडलेली अंडी, दोन पाव, एक केळं. बायको होती तोवर ती नवनवीन काहीबाही करून घालायची, आणि 'खाऊन तर बघा' म्हणून मागे लागायची. ती गेली त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून अंडी, पाव, केळं. मुलगी म्हणायची, "बाबा जेवत नाहीत, पोटात माल भरतात."

मुलगी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायची. बाप लोखंडातल्या भेगा शोधतो, लेक हाडांतल्या, असं गल्लीतले लोक म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोघांची नजर सारखीच होती, आणि हट्टही. म्हणूनच तिच्यापासून काही लपवणं अवघड होतं. गेल्या थंडीपासून काकांच्या उजव्या हाताला बारीक कापरं भरायला लागलं होतं. ते कप दोन्ही हातांनी धरू लागले. 'थंडी आहे' म्हणायचे.

"बाबा, उन्हाळा लागला," मुलगी एक दिवस म्हणाली. "पंखा फुल्लवर आहे. आता तरी दुकान बंद करा. हात हलला आणि ठिणगी डोळ्यात गेली म्हणजे मग?"

"मी हात हलवून दाखवू का तुला? हा बघ, दगड आहे दगड," काका म्हणाले आणि हात पटकन खिशात घातला.

हे असं चाललेलं असताना एका मंगळवारी दुकानासमोर एक टेम्पो थांबला. चार माणसांनी मिळून एक काळीकुळकुळीत कढई उतरवली. कढई कसली, लहान मूल पोहायला शिकेल एवढा हौदच तो. ओतीव लोखंडाची, खोल, गोल बुडाची. तिच्यामागोमाग बाह्या कोपरापर्यंत सरसावलेली, गालांवर आच लागल्यासारखी लाली असलेली एक बाई उतरली. डेपोपलीकडे नवीन उझबेक हॉटेल उघडत होतं, त्याची ही मालकीण आणि तीच आचारी. सात वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबून इथली भाषा शिकली होती. वाक्यं तोडून तोडून बोलायची, पण एकही शब्द फुकट घालवायची नाही.

"माझ्या वडिलांची," तिने कढईवर हात ठेवला. "तीस वर्षं लग्नांमध्ये ते हिच्यात प्लोव करायचे. बोटीतून आली. वाटेत पडली. रविवारी दुपारी हॉटेल उघडतं. लोकांना बोलावून झालंय."

प्लोव म्हणजे त्यांच्याकडचा मांस आणि गाजरं घालून केलेला भात, आणि तो याच कढईत व्हायला पाहिजे, नवीन भांड्याला ती चव नाही, हे तिने आणखी चार वाक्यांत सांगितलं. काकांनी टिचकी मारली.

थद्द.

तेवढ्यात मुलगी डबा द्यायला आलेली. तिनेही तो आवाज ऐकला. बुडापासून काठाकडे वीतभर भेग गेली होती, केसासारखी.

"ओतीव लोखंड आहे ताई," काका म्हणाले. "हे लई मानी असतं. सांधा बसतो, आणि गार होताना शेजारीच नवीन भेग पडते. शंभरातले ऐंशी जण तुम्हाला नाही म्हणतील."

"ऐंशी जणांकडे जाऊन आले," बाई म्हणाली. "तुम्ही एक्याऐंशीवे."

आता असं कोणी म्हटल्यावर टणकाका नाही म्हणणार? त्यांचे कानच टवकारले. मुलगी मात्र त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, कुणाच्या वडिलांची वस्तू आहे. हात साथ देणार आहे का तुमचा?"

काकांना ते फार झोंबलं. आणि झोंबलं की माणूस नको ते बोलून बसतो. "रविवारी या कढईत प्लोव होईल. सांधा सुटला, थेंबभर जरी गळला, तर दुकानाची किल्ली तुझ्या हातात. पण नाही गळला तर दुकान बंद करायचं नाव पुन्हा काढायचं नाही. बोल."

"कबूल," मुलगी म्हणाली. ती पण त्यांचीच लेक.

पुढचे तीन दिवस काकांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळायची नाही. भेग घासून तिची खोबण केली. मग कढई कोळशावर पालथी घालून हळूहळू तापवली, आणि निकेलच्या रॉडने इंचाइंचाने शिवत गेले. एक इंच झाला की छोट्या हातोडीने टकटक टकटक, लोखंडाची मनधरणी. मग थांबायचं. मग पुढचा इंच. शेवटी गरम राखेत अख्खी कढई पुरली आणि दीड दिवस तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणजे पाहिलं, दर तासाला, पण हात नाही लावला. त्या तीन दिवसांत बंद दाराआड आणखी एक गोष्ट घडली, ती काकांनी कुणालाच सांगितली नाही.

शनिवारी कढई राखेतून बाहेर निघाली. टिचकी मारली. टण! काका एकटेच दुकानात नाचले. पण गार कढईने टण वाजणं वेगळं आणि जाळावर तेल, मांस, पाणी पोटात घेऊन तासन्‌तास बसणं वेगळं. पैशांचं विचारल्यावर ते बाईंना म्हणाले, "आधी शिजू दे, मग बघू." ही त्यांची जुनी पद्धत होती. काम चाललेलं पाहिल्याशिवाय ते पैशाला शिवायचे नाहीत.

रविवारी काकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सवयीने अंडी-पाव-केळ्याचा डबा पिशवीत टाकला.

"हॉटेलात जेवायला चाललोय आपण," मुलगी म्हणाली.

"असू दे. नाही आवडलं तर?"

हॉटेल एवढंसं होतं, पण आत शिरल्याबरोबर काका उंबऱ्यावरच थबकले. काय तो वास! जिऱ्याचा, कांद्याचा, भाजल्या पिठाचा आणि गरम चरबीचा, सगळा मिळून थेट पोटात उतरणारा. निळ्या-पांढऱ्या बशा, लाल गालिचे टाकलेले बाक, एकूण एक टेबल भरलेलं. स्वयंपाकघर उघडंच होतं, आणि मधोमध चुलाणावर त्यांची कढई! काकांना आपल्या शाळेत जाणाऱ्या पोराला स्टेजवर पाहिल्यासारखं वाटलं. बाईंनी त्यांना कढईच्या सगळ्यात जवळचं टेबल दिलं. काकांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. शब्द म्हणजे शब्द.

आधी रोटी आली. गोल, फुगीर काठाची, मध्ये टाचण्यांनी टोचल्यासारखी नक्षी. काकांनी सुरी शोधली तर बाईंनी मान हलवली, हातांनीच तोडून तुकडे दोघांपुढे ठेवले. काकांनी आधी कवचाला टिचकी मारली. खडखडीत! तुकडा तोंडात टाकला आणि भुवया वर गेल्या. पाठोपाठ त्रिकोणी सामसे आले, आतून मटण आणि कांद्याचा रस उसळणारे. पहिल्याच घासाला तो रस हनुवटीवरून इस्त्रीच्या शर्टावर ओघळला. काकांनी शर्टाकडे पाहिलंही नाही. "हे काय आहे गं! हे आहे काय!" एवढंच ते म्हणत राहिले. आठ वर्षांत पहिल्यांदा ते जेवताना बोलत होते, आणि मुलगी खायचं सोडून त्यांच्याकडे बघत होती.

मग चहा आला. बाईंनी किटलीतला हिरवा चहा एका पियाल्यात ओतला, परत किटलीत टाकला, असं तीनदा केलं. आणि मग काकांच्या पियाल्यात ओतला तो किती? जेमतेम तळ झाकेल एवढा. दोन घोट.

काकांचं तोंड उतरलं. पियाल्याला टिचकी मारून ते म्हणाले, "ताई, एवढासाच? कढई शिवायला हात आखडता घेतला नव्हता मी. भरून द्या की!"

बाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी पियाला काठोकाठ भरला आणि मागे न बघता स्वयंपाकघरात गेल्या.

"काय झालं त्यांना?" मुलीने विचारलं.

"कामाची घाई असेल," काका म्हणाले, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. भरलेला पियाला एका हातात सावरेना, म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मुलीने ते बघितलं आणि नजर वळवली. सांध्याचं काही बिनसलंय आणि बाई सांगत नाहीत, असं काकांच्या डोक्यात बसलं. आता ते टेबलावर बसले होते ते नावाला, डोळे आणि कान चुलाणाकडे लागलेले. बाईंनी मांस, कांदा आणि गाजराच्या काड्या परतल्या होत्या, लसणाचे अख्खे कांदे खोचले होते, वरून तांदूळ पसरले होते. त्यानंतर ढवळलं मात्र एकदाही नाही. काका बाकाच्या कडेला सरकले. ढवळत का नाहीत या? सगळी आच नेमकी सांध्यावर साठणार! मग तांदळाचा ढीग करून बाईंनी वर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं झाकण घट्ट बसवलं आणि वीस मिनिटांसाठी मागे सरून उभ्या राहिल्या.

पाचव्या मिनिटाला आवाज आला. चर्र.

जाळावर थेंब पडल्याचा आवाज. एक्केचाळीस वर्षांच्या कानांना तो भरल्या हॉटेलात ऐकू गेला. पुन्हा एकदा, चर्र.

काका उठले, दोन टेबलांमधून वाट काढत धावले आणि 'नको' म्हणायच्या आत त्यांनी रुमालाने झाकण उचललं. वाफेचा लोट छपरापर्यंत गेला. सगळ्या माना वळल्या. काका वाफेत डोकं घालून सांधा शोधतायत, आणि बाई धावत येतायत.

"उस्ता!" त्या ओरडल्या. त्यांच्याकडे कारागिराला उस्ता म्हणतात. बाईंनी झाकण हिसकावून पुन्हा बसवलं. "वीस मिनिटं कोणी उघडायचं नाही! माझ्या वडिलांना नसतं उघडू दिलं मी!"

"गळतंय, ताई! ऐकलं मी, चर्र..."

बाईंनी बोट दाखवलं. झाकणाच्या ओल्या फडक्याचं एक टोक लोंबत होतं, आणि त्या टोकावरून पाण्याचा थेंब जाळात पडत होता. चर्र.

टणकाका नाक मुठीत धरून टेबलावर परतले. आजूबाजूचे लोक हसू दाबत होते.

"बाबा," मुलगी म्हणाली, "पेशंटने श्वास रोखलेला असतो, आम्ही बटण दाबणार असतो, आणि कोणीतरी दार उघडून विचारतं, 'बाथरूम कुठे आहे?' अगदी तसं केलंत तुम्ही."

काकांना हसू आलं आणि रडूही. झाकण फडक्यासकट नीट आवळून बाई स्वतःच त्यांच्या टेबलापाशी येऊन बसल्या. राग अजून गालांवर होता.

"उस्ता, खरं सांगा. तुम्हाला जायचंय का? आमचं जेवण नाही आवडलं?"

"कोण म्हणालं?" काका उडालेच. "मी तर आज इथे राहायलाच आलोय!"

"मग चहा भरून का मागितला? आमच्याकडे पाहुण्याला थोडाच देतात. थोडा दिला की तो पुन्हा मागतो, आपण पुन्हा देतो. थोडा म्हणजे, बसा, घाई नको. भरलेला म्हणजे, झालं, पिऊन निघा."

काकांनी आपल्या काठोकाठ भरलेल्या पियाल्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांनी भर टेबलावर स्वतःच स्वतःला हाकललं होतं! त्यांनी कपाळावर हात मारला आणि असे खदाखदा हसले की बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी तो चहा उठून कुंडीत ओतला, पियाला बाईंपुढे धरला आणि शहाण्या पोरासारखे म्हणाले, "थोडासा द्या."

प्लोव बाहेर आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या दोन पोरांनी मिळून परात धरली होती. एक वाफ वाया गेली म्हणून बाईंनी पाच मिनिटं जास्त ठेवला होता, आणि वरच्या थरातला एखादा दाणा अंमळ टणक राहिला असेल तर तो कुणाला सापडला नाही. दाणा न् दाणा सुटा, तुपासारखा चकाकणारा. खालची पिवळीधमक गाजरं वर आलेली, त्यावर मांसाचे मऊसूत तुकडे, मनुका, आणि डोक्यावर मुकुटासारखा लसणाचा अख्खा कांदा. काकांनी पहिला घास घेतला. लगेच दुसरा घेतला. लसणाची पाकळी बोटांनी दाबून भातावर पिळली, सोबतच्या टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीचा आंबटपणा लावला, तिसरा घेतला.

"तुझी आई असती," ते एवढंच म्हणाले, आणि थांबून पुन्हा म्हणाले, "तिने दोनदा वाढून घेतलं असतं. आणि मला म्हणाली असती, बघा, खाऊन तर बघा म्हणत होते ना मी." त्यांचे डोळे भरले होते आणि तरी ते जेवत होते, आणि त्या क्षणाला ते सुखी होते, यात शंका नाही. पिशवीतला डबा कुणाला आठवलासुद्धा नाही.

कढई रिकामी झाल्यावर बाईंनी त्यांना हाक मारली. सगळं स्वयंपाकघर जमलं. आत तेलाने काळाभोर चकाकणारा सांधा, दोन्ही टोकं कोरडी, शेजारीही कुठे भेग नाही. आता फक्त आवाज ऐकायचा होता. कढई अजून तापलेली, म्हणून काकांनी झारा घेतला आणि त्याचा दांडा काठाजवळ नेला. दांडा थरथरला. टिचकीऐवजी कढईवर दोन-तीन ठोके एकदम पडले, एकमेकांत मिसळलेले, कशाचा आवाज कुठला ते कळेना. त्यांनी पुन्हा हात नेला. पुन्हा तेच.

मुलीने त्यांच्या हातातून झारा घेतला. मान जराशी तिरकी केली, डोळे मिटले, आणि एकच ठोका दिला.

टण!

असा स्वच्छ, लांब आवाज, की बाहेरच्या टेबलांवरचे लोकही वळून बघायला लागले. बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मुलगी ऐकत राहिली, आवाज पूर्ण विरेपर्यंत. वर्षानुवर्षं बापाच्या या खोडीला ती हसत आली होती.

दोघं टेबलाशी परतले. किल्ली तिथेच होती. काका जिंकले होते. त्यांनी किल्ली उचलली आणि खिशाकडे न नेता मुलीपुढे सरकवली.

"सांधा टिकला," ते म्हणाले. "पण तुला एक सांगायचंय. शेवटचे तीन इंच मला दोनदा करावे लागले. पहिल्यांदा हात असा हलला की सगळं उकरून काढावं लागलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून केले ते. दार लावून. म्हणजे तुझंच बरोबर होतं. ठेव किल्ली."

मुलीने किल्ली उचलून हातात फिरवली.

"एक्स-रेला हात थरथरणारे पेशंट येतात ना," ती म्हणाली, "त्यांच्या मनगटाशी आम्ही वाळूच्या पिशव्या लावतो. दोन बाजूंनी दोन. हात हलत नाही. तुमच्यासाठी शिवून घेते. जाड कापडाच्या, ठिणगीने जळायच्या नाहीत अशा. दार मात्र लावायचं नाही. आणि एकट्याने जड काम घ्यायचं नाही."

काकांनी मान डोलावली.

मुलीने किल्ली त्यांच्या पियाल्याशेजारी ठेवली. मग किटली उचलली आणि त्या पियाल्यात चहा ओतला. जेमतेम तळ झाकेल एवढाच.

काकांनी तो दोन घोटांत संपवला आणि पियाला पुन्हा पुढे केला.